पाणथरी काढताना : पोट उघडून की दुर्बिणीतून?

मानवी देहातील ज्या अवयवांची ओळख माणसाला जन्मभर होत नाही, त्यांत पाणथरीची गणना अवश्य करावी लागेल. डाव्या बाजूच्या नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड, जठराच्या पाठीमागे आणि श्वासपटलाच्या खाली वसलेला, जांभळसर रंगाचा आणि निरोगी अवस्थेत दीडशे ते दोनशे ग्रॅम वजनाचा हा अवयव, ज्याला वैद्यकशास्त्र प्लीहा म्हणते, आपल्या अस्तित्वाची वार्ताही सहसा लागू देत नाही. आणि म्हणूनच रक्ताच्या एखाद्या विकाराने ग्रासलेल्या मुलाच्या आईवडिलांना, पाणथरी काढावी लागेल असे जेव्हा सांगण्यात येते, तेव्हा ती भांबावून जातात. पहिला धक्का ओसरल्यावर त्यांच्या तोंडून येणारा प्रश्न बहुधा एकच असतो : मोठे ऑपरेशन करणार, की दुर्बिणीतून? प्रश्न रास्त आहे, आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या संचित अनुभवावरून त्याचे बरेच निश्चित उत्तरही देता येते. परंतु पाणथरी करते काय, ती का काढतात आणि ती गेल्यावर शरीर कशाला मुकते, हे अगोदर नीट समजून घेतले नाही, तर लहान छेदाच्या समाधानात मोठ्या धोक्याचा विसर पडण्याचा संभव आहे. यास्तव आरंभ तेथूनच करणे इष्ट होय.

पाणथरी ही रक्तमार्गावरील जकातनाक्यासारखी आहे. तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. ती जीर्ण होऊ लागली म्हणजे तिचा लवचिकपणा कमी होतो, आणि पाणथरीतील अत्यंत अरुंद फटींतून जाण्यास जिला वाकता येत नाही, ती पेशी तेथेच अडकून पडते व भक्षक पेशी तिचा निकाल लावतात. ज्या पेशीत केंद्रकाचे अवशेष किंवा इतर नको असलेले कण राहून गेले असतील, तिच्यातून तेवढेच काढून घेऊन तिला पुढे जाण्याची मुभा दिली जाते. रक्त गोठण्यास साहाय्य करणाऱ्या ज्या सूक्ष्म पेशी आज घरोघर ‘प्लेटलेट’ या नावाने परिचित झाल्या आहेत, त्यांचा जवळजवळ तिसरा हिस्सा कोणत्याही क्षणी पाणथरीत साठलेला असतो. याखेरीज जंतूंशी लढणारी प्रतिद्रव्ये निर्माण करण्याचे, आणि विशेषतः शर्करामय कवच धारण करून रक्तात शिरणाऱ्या जंतूंना गाळून नष्ट करण्याचे कामही तिच्याकडे असते.

जी व्यवस्था निरोगी देहाचे रक्षण करते, तीच काही विकारांत अनर्थाला कारण होते. स्फेरोसायटोसिस या आनुवंशिक रोगात तांबड्या पेशी चपट्या न राहता गोळीसारख्या गरगरीत होतात. पाणथरी त्यांना सदोष ठरवून अकाली फोडते, आणि रोग्याला पांडुता, वारंवार कावीळ व तरुण वयातच पित्ताशयातील खडे यांचा त्रास सुरू होतो. ‘आयटीपी’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात शरीर स्वतःच्याच प्लेटलेटविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. त्या प्रतिद्रव्यांनी डागाळलेल्या प्लेटलेट पाणथरी वेचून नष्ट करते, आणि एरवी घनमिलिमीटरमागे दीड ते चार लाख असणारी त्यांची संख्या दहा-वीस हजारांपर्यंत घसरून अंगावर निळसर-लाल ठिपके उमटतात, हिरड्यांतून रक्त येऊ लागते. थॅलेसेमियाच्या रोग्यास आयुष्यभर रक्त चढवावे लागते, आणि पाणथरी फार वाढली म्हणजे चढविलेले रक्तही टिकेनासे होते. गडचिरोली-चंद्रपूरपासून नंदुरबारपर्यंतच्या पट्ट्यात ज्याचा मोठा आढळ आहे त्या सिकलसेल रोगात, लहान मुलाच्या पाणथरीत एकाएकी रक्त तुंबून काही तासांतच जीव धोक्यात येण्याचे प्रसंग घडतात; असा प्रसंग पुन्हा पुन्हा ओढवू लागला, तर पाणथरी काढण्याची तजवीज करावी लागते. रोगाचे मूळ या सर्व विकारांत अन्यत्र असते. पाणथरी काढल्याने गोल पेशी चपट्या होत नाहीत किंवा आनुवंशिक दोष नाहीसा होत नाही. त्या दोषाचा संहारक परिणाम मात्र थोपविला जातो.

हे तत्त्व हाती येण्यास बराच काळ जावा लागला. १८२६ साली जर्मनीतील क्विटेनबाउम यांनी रोगग्रस्त पाणथरी काढण्याचे धाडस केले. त्यांचा रोगी वाचला नाही. १८६७ मध्ये पॅरिस येथे पेआँ यांनी पाणथरीतील एका मोठ्या गळूसारख्या पिशवीसाठी ही शस्त्रक्रिया केली आणि ती तरुणी बरी झाली. १८८७ साली इंग्लंडातील स्पेन्सर वेल्स यांनी कावीळ असलेल्या एका स्त्रीची वाढलेली पाणथरी काढली व तिची कावीळ हटली. तिचा विकार म्हणजे आनुवंशिक स्फेरोसायटोसिस होता, हे पुष्कळ वर्षांनी उलगडले. परंतु केवळ तर्काच्या बळावर या शस्त्रक्रियेला रक्तविकारांच्या चिकित्सेत स्थान मिळवून देण्याचे श्रेय प्राग येथील पाउल काझ्नेल्सन या वैद्यकीय विद्यार्थ्याकडे जाते. तांबड्या पेशी जर पाणथरीत नष्ट होत असतील, तर प्लेटलेटही तेथेच नष्ट होत असल्या पाहिजेत, असे अनुमान बांधून त्याने १९१६ साली अशा एका रोगी स्त्रीची पाणथरी काढण्याची सूचना केली. प्राध्यापक श्लोफर यांनी ती मानली, आणि शस्त्रक्रियेनंतर तिच्या प्लेटलेट झपाट्याने वाढल्या. पुढे १९५०च्या सुमारास अमेरिकेतील सेंट लुईस येथे विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टराने अशा रोग्याचे रक्त स्वतःच्या शरीरात घेतले. काही तासांतच त्याच्या प्लेटलेट धोकादायक पातळीपर्यंत खाली गेल्या, आणि रोगाचे कारक द्रव्य रक्तातच वावरत असते, याचा दाखला त्याने आपल्या देहावर करून दिला.

त्या काळापासून १९९० पर्यंत मार्ग एकच होता, आणि तो पोट उघडण्याचा. डाव्या बरगडीच्या कडेखालून तिरपा किंवा पोटाच्या मध्यरेषेवर उभा, वीतभर लांबीचा छेद घेऊन स्नायूंचे थर ओलांडावयाचे, पाणथरीला जठर, मोठे आतडे, मूत्रपिंड व श्वासपटल यांच्याशी जखडून ठेवणारे पडदे सोडवावयाचे, तिच्या मुखाशी येणारी मोठी धमनी व शीर बांधावयाची, आणि त्या शिरेला अगदी बिलगून असलेल्या स्वादुपिंडाच्या टोकाला इजा पोहोचू न देता ती अखंड बाहेर काढावयाची, असा या शस्त्रक्रियेचा क्रम असतो. येथे शल्यविशारदाचा हात प्रत्यक्ष अवयवावर असतो. रक्तस्राव झाला तर बोटाच्या चिमटीत तो तत्क्षणी रोखता येतो, आणि ही या पद्धतीची फार मोठी शक्ती आहे. तिचा तोटा छेदाच्या जागेत आहे. बरगड्यांलगतची ती जखम प्रत्येक श्वासाबरोबर दुखते. रोगी खोल श्वास घेण्याचे व खोकण्याचे टाळतो, आणि डाव्या फुप्फुसाचा तळ नीट न फुलल्याने तेथे न्यूमोनियाला वाव मिळतो. जखम चिघळणे आणि पुढे त्याच जागी हर्निया होणे, हेही धोके मोठ्या छेदाबरोबरच येतात.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा उदय पित्ताशयापासून झाला. जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये व फ्रान्समध्ये फिलिप मूरे यांनी १९८७ मध्ये त्या मार्गाने पित्ताशय काढले, मुंबईत डॉ. तेहम्टन उदवाडिया यांनी १९९० साली तीच शस्त्रक्रिया करून भारतात तिचा पाया घातला. १९९१ मध्ये पॅरिस येथे देलेत्र यांनी दुर्बिणीतून पाणथरी काढली आणि अल्पावधीतच अमेरिका, कॅनडा व जपान येथूनही अशाच शस्त्रक्रियांच्या हकीकती प्रसिद्ध झाल्या. या पद्धतीत रोग्याला उजव्या कुशीवर निजवितात, जेणेकरून जठर व आतडी आपल्याच भाराने खाली सरकतात आणि पाणथरी वरच्या बाजूस आपल्या बंधांवर लटकलेली राहते. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा केली जाते; पाच ते बारा मिलिमीटरच्या तीन-चार छिद्रांतून कॅमेरा व लांब दांड्याची हत्यारे आत जातात. लहान रक्तवाहिन्या ध्वनिलहरींच्या किंवा विजेच्या उष्णतेने मिटवून कापतात, मुखाशी असलेल्या मोठ्या वाहिन्यांवर एकाच दाबासरशी पिनांच्या ओळी मारून मधून छेद देणारा स्टेपलर चालवितात, आणि मोकळी झालेली पाणथरी एका मजबूत पिशवीत घालून, पिशवीचे तोंड छिद्राबाहेर ओढून, आतल्या आत तिचे तुकडे करून बाहेर घेतात.

आता फलश्रुतीची रुजवात घालावयाची. सेंट लुईस येथील विन्स्लो व ब्रंट यांनी २००३ साली ५१ अहवालांतील २,९४० रोग्यांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत २६.६ टक्के, तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत १५.५ टक्के रोग्यांना काही ना काही उपद्रव झाल्याचे आढळले. आणि हा फरक मुख्यतः फुप्फुसाच्या, जखमेच्या व जंतुसंसर्गाच्या उपद्रवांत होता. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेस वेळ अधिक लागला, पण रुग्णालयातील मुक्काम पुष्कळच कमी झाला. २००४ मध्ये ओक्लाहोमा येथील जेम्स जॉर्ज व त्यांचे सहकारी यांनी केवळ आयटीपीच्या रोग्यांविषयी असाच आढावा घेतला; त्यांत शस्त्रक्रियेशी निगडित मृत्यूचे प्रमाण पोट उघडण्याच्या पद्धतीत १ टक्का आणि दुर्बिणीच्या पद्धतीत ०.२ टक्के भरले. रोग आटोक्यात येण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही मार्ग सारखेच ठरतात, आणि तसे ठरणे स्वाभाविकही आहे. कारण अवयव तोच निघतो, केवळ वाट निराळी असते.

तथापि या आकड्यांचा अर्थ लावताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. या हिशेबांत जमा झालेले बहुसंख्य रोगी चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागलेले नव्हते. कोणाला कोणता मार्ग योग्य, याचा निर्णय शल्यविशारदाने केलेला होता. साहजिकच ज्यांची पाणथरी लहान व प्रकृती बरी, असे रोगी दुर्बिणीकडे अधिक वळले, आणि अवघड प्रकरणे पोट उघडण्याच्या वाट्याला आली. दोहोंमधील तफावतीचा काही अंश त्या निवडीच्याच खात्यावर टाकणे न्यायाचे होईल. असे असूनही वेदना, श्वसन, जखम आणि कामावर परतण्याची मुदत या बाबतींत दुर्बिणीचा लाभ इतक्या ठिकाणी व इतक्या सातत्याने दिसून आला आहे, की त्याविषयी आज शल्यविशारदांत फारसा मतभेद उरलेला नाही.

आयटीपीचा रोगी या पद्धतीस सर्वांत अनुकूल, कारण त्याची पाणथरी बहुधा प्राकृत आकाराचीच असते. स्फेरोसायटोसिसमध्ये आणखी एक सोय होते : पित्ताशयात खडे असतील तर एकाच भुलीखाली पित्ताशयही दुर्बिणीतूनच काढता येते. परंतु थॅलेसेमियाची पाणथरी कधी कधी बेंबीच्याही खाली उतरलेली असते. युरोपातील शल्यविशारदांच्या संघटनेने २००८ साली घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत वीस सेंटिमीटरहून लांब पाणथरी ही अतिविशाल गणली आहे. एवढी पाणथरी उदरातील बरीच जागा स्वतःच व्यापते, हत्यारांना हालचालीस वाव ठेवत नाही, तिच्या वाहिन्या फुगलेल्या असतात, आणि पिशवीत घालणे हेच एक संकट होऊन बसते. अशा वेळी एका लहान छेदातून शल्यविशारदाचा एक हात आत घालून दुर्बिणीच्या साहाय्याने काम करण्याचा मध्यम मार्ग आहे, आणि तोही साधत नसेल तर पोट उघडणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. यकृत जीर्ण होऊन उदरातील शिरांचा दाब फार वाढला असेल, तेथेही दुर्बिणीचा हट्ट धरू नये. दुर्बिणीतून आरंभ केल्यावर रक्तस्राव आवरेनासा झाला आणि शल्यविशारदाने तेथेच पोट उघडले, तर पुष्कळ नातेवाईक त्याला फसगत समजतात. वस्तुतः तो रोग्याच्या प्राणरक्षणार्थ घेतलेला जबाबदारीचा निर्णय असतो, आणि त्याची कल्पना संमतिपत्रावर सही घेतानाच स्पष्टपणे दिली जाणे आवश्यक आहे.

आणखी दोन बारकावे सांगण्याजोगे आहेत. पुष्कळ माणसांच्या पोटात मुख्य पाणथरीखेरीज एखादी सुपारीएवढी किंवा त्याहूनही लहान उपपाणथरी असते. ती मागे राहिली, तर कालांतराने वाढून मूळ रोग परत आणू शकते. हात आत नसल्याने दुर्बिणीतून ती नजरेतून सुटेल, अशी आरंभी शंका होती. परंतु वर उल्लेखिलेल्या २००३च्या हिशेबात दोन्ही पद्धतींत ती सापडण्याचे प्रमाण सारखेच, म्हणजे सुमारे ११ टक्के, आढळले. दुसरा बारकावा पिशवीचा. पाणथरी फाटून तिचे कण पोटात सांडले, तर ते तेथे रुजतात आणि तोच घात करतात. म्हणून पिशवी न फाटेल याची दक्षता हा या शस्त्रक्रियेचा शिरस्ताच आहे. लसिकापेशींच्या कर्करोगाची शंका असेल आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाणथरी अखंड तपासावयाची असेल, तर तुकडे न करता एक वेगळा छेद घेऊन ती सबंध काढतात.

येथवर मार्गांतील भेद पाहिला. आता जे दोन्ही मार्गांनी सारखेच गमवावे लागते, त्याकडे वळले पाहिजे, कारण या लेखाचा खरा आग्रह त्याविषयीच आहे. १९५२ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यात हॅरॉल्ड किंग व हॅरिस शूमॅकर यांनी पाणथरी काढलेल्या पाच तान्ह्या मुलांना झालेल्या भयंकर जंतुसंसर्गाची हकीकत प्रसिद्ध केली, आणि तोवर निरुपद्रवी मानल्या गेलेल्या या अवयवाचे महत्त्व वैद्यकाच्या ध्यानी आले. पाणथरी नसलेल्या माणसाच्या रक्तात न्यूमोकॉकस किंवा मेनिंगोकॉकस यांसारखा कवचधारी जंतू शिरला, तर सकाळी केवळ कणकण वाटणारा रोगी संध्याकाळपर्यंत मृत्यूच्या दारी पोहोचू शकतो. असे क्वचित घडते. पण घडले म्हणजे जवळजवळ निम्मे रोगी दगावतात, आणि ही भीती आयुष्यभर मागे राहते. छेद वीतभर होता की बोटभर, याने तिच्यात तिळमात्र फरक पडत नाही.

म्हणून न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस व हिमोफिलस इन्फ्लुएन्झा यांच्या प्रतिबंधक लसी शस्त्रक्रियेच्या निदान दोन आठवडे अगोदर दिल्या गेल्या पाहिजेत. ठरल्या मुदतीने पुढील मात्रा आणि दरवर्षी इन्फ्लुएन्झाची लस घेतली पाहिजे. मुलांना पुढे दीर्घकाळ पेनिसिलिन चालू ठेवावे लागते. पाच-सहा वर्षांखालील मुलाची पाणथरी शक्यतो काढूच नये, आणि निकड असेल तर तिचा काही अंश राखता येईल काय याचा विचार करावा, असा तज्ज्ञांचा अभिप्राय आहे. मलेरियाही अशा माणसाला अधिक जाचतो. जंगलपट्ट्यात राहणाऱ्यांनी मच्छरदाणीचा बंदोबस्त कटाक्षाने ठेवला पाहिजे. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत यकृताकडे जाणाऱ्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा आणखी एक धोका असतो, विशेषतः पाणथरी फार मोठी असेल तेव्हा. घरी गेल्यावर पोटात दुखू लागले, ताप आला किंवा उलट्या होऊ लागल्या, तर ते दुखणे जखमेचे समजून अंगावर काढू नये.

या साऱ्याचा विचार करता, पाणथरी काढावीच काय, हा प्रश्न मार्गाच्या प्रश्नाच्या आधी येतो. आयटीपीमध्ये या शस्त्रक्रियेने सुमारे दोन-तृतीयांश रोग्यांच्या प्लेटलेट पूर्ववत होतात, ही तिची मातब्बरी आजही कायम आहे. परंतु २००८ पासून प्लेटलेटची निर्मिती वाढविणारी नवी औषधे उपलब्ध झाली आहेत, आणि काही रोग्यांत रोग आपोआपही ओसरतो. यास्तव निदान झाल्यापासून किमान एक वर्षापर्यंत शस्त्रक्रिया तहकूब ठेवावी, असा सल्ला अमेरिकन रक्तशास्त्र संस्थेने २०१९ मध्ये दिला. थॅलेसेमियातही नियमित रक्त मिळू लागले व लोह काढणारी औषधे वेळेवर सुरू झाली, तर पाणथरी अवाढव्य होण्याचा प्रसंग पुष्कळदा टळतो. अर्थात महागडी औषधे ज्यांना परवडत नाहीत आणि वारंवार तपासणीस येणे ज्यांना साधत नाही, अशा रोग्याच्या बाबतीत एकदाच करावयाची शस्त्रक्रिया अधिक हिताची ठरू शकते. ही मसलत रक्तविकारतज्ज्ञ, शल्यविशारद व रोगी या तिघांनी एकत्र बसून केली पाहिजे.

निकाल द्यावयाचा झाला, तर तो असा : शस्त्रक्रिया आवश्यक ठरली, पाणथरी प्राकृत किंवा मध्यम वाढलेली असली आणि या कामाचा सराव असलेला हात उपलब्ध असला, तर दुर्बिणीचा मार्गच पत्करावा; पाणथरी अतिविशाल असली किंवा तसा हात जवळ नसला, तर पोट उघडण्यात कमीपणा मानू नये, कारण यंत्राच्या नवेपणापेक्षा ते चालविणाऱ्याचा अनुभव रोग्याच्या अधिक उपयोगी पडतो. वाचकांना विनंती एवढीच, की आपल्या घरात हा प्रसंग आला, तर किती टाके पडतील हे विचारण्याच्या आधी, शस्त्रक्रिया आताच का, आणि लसी कोणत्या दिवशी द्यावयाच्या, हे विचारावे. पाणथरी काढलेली असल्याची नोंद असलेले कार्ड त्या माणसाने सदैव खिशात बाळगावे, आणि ताप आला की वेळ न दवडता, त्याच दिवशी, त्याच घटकेला रुग्णालय गाठून ते कार्ड डॉक्टरांच्या हाती द्यावे.